नव्या मोटारसायकलची तक्रार: शोरूमपासून ग्राहक आयोगापर्यंत

मराठवाड्यात नवी गाडी सहसा मुहूर्तावर घरी येते. पाडवा, दसरा, धनतेरस, नाहीतर कापसाचे पैसे हातात पडले की. त्या आठवड्यात शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. गाडी नीट तपासून द्यायला त्यांना सवड नसते आणि पेढे वाटायच्या गडबडीत घेणाऱ्यालाही नसते. मग पंधरा-वीस दिवसांत कुठूनतरी टकटक ऐकू यायला लागते, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, नाहीतर इंजिनखाली फरशीवर तेलाचा डाग दिसतो. शोरूमला गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं: "भाऊ, नवी गाडी आहे, चालवा. इंजिन मोकळं झालं की आवाज जाईल."

पंचाईत अशी की बऱ्याचदा ते खरंच असतं. पण प्रत्येक वेळी नसतं. आमच्या घरच्या गाडीचा तिसरा गिअर चालता चालता सुटायचा. तो वॉरंटीत दुरुस्त होईपर्यंत तालुक्याचं शोरूम, जिल्ह्याचा डीलर आणि कंपनी अशा तिन्ही पायऱ्या चढाव्या लागल्या. तेव्हा जे कळलं ते इथं क्रमानं लिहितोय. नवी गाडी घेणार असाल तर पहिल्यापासून वाचा. गाडी घरी येऊन बिघडली असेल तर थेट खालच्या क्रमांक ३ वर जा.

१. हार घालायच्या आधी अर्धा तास काढा

पूजा, नारळ, फोटो सगळं होऊ द्या, पण तपासणीनंतर. पहिल्यांदा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर बघा आणि बिलाशी, विम्याच्या कागदाशी ताडून पाहा. चेसिस नंबर सतरा अक्षरी असतो, एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं की पुढं आरटीओत डोकेदुखी होते. गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते विचारा. ते नंतर आरसीवर छापून येतंच, म्हणून लपवण्यात अर्थ नसतो. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. २३२५ असेल तर टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातलं. गाडी बरेच महिने गोदामात उभी असेल तर बॅटरी अशक्त झालेली असते, आणि पहिल्या महिन्यातल्या सेल्फच्या तक्रारींमागे बऱ्याचदा हेच निघतं.

इंजिनला हात लावून बघा. थंड असायला हवं. आधीच चालू करून गरम केलेली गाडी पटकन स्टार्ट होते, खरी परीक्षा थंड इंजिनची. मग डबल स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरवा, चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल होते का बघा. हँडल सरळ धरल्यावर पुढचं चाक सरळ आहे का, ऑइलची पातळी किती, ब्रेकचं लिव्हर घट्ट लागतं की हँडलला टेकतं, हेही तिथंच बघून घ्या. टायरमध्ये वाहतुकीसाठी जास्त हवा भरलेली असू शकते, ती मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणायला सांगा. गाडी देण्याआधीच्या तपासणीचा एक छापील तक्ता असतो. तो भरून, सही करून त्याची प्रत मागा. तक्ता मागितला की निम्मी तपासणी आपोआप होते.

हेल्मेटचंही सांगतो. दुचाकीबरोबर आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट देणं मोटार वाहन नियमांनुसार उत्पादकावर बंधनकारक आहे. ते "अ‍ॅक्सेसरी" म्हणून बिलात चढवलं असेल तर विचारा.

क्रॅशगार्ड, सीट कव्हर खुशाल बसवा. पण वायर कापून बसवायचा जादा हॉर्न, एलईडी फोकस, अलार्म असलं काही वॉरंटीच्या काळात लावू नका. इलेक्ट्रिकची कुठलीही तक्रार नेली की फोरमन आधी तो जोड दाखवतो आणि विषय तिथंच संपतो.

२. काय साहजिक, काय नाही

ही पायरी नीट वाचा, कारण शोरूममधला निम्मा वाद इथंच होतो.

पहिले काही दिवस सायलेन्सरमधून वास आणि थोडा धूर येतो, तो वरच्या लेपाचा आणि तेलाचा असतो. गाडी बंद केल्यावर टिकटिक आवाज येतो, तो गरम झालेला धातू थंड होण्याचा. डिस्क ब्रेक सुरुवातीला कमी धरतो, हलका घासतो. गिअर कडक वाटतो आणि सिग्नलला उभं राहिल्यावर न्यूट्रल सापडत नाही. गाडी थांबायच्या जरा आधी, चाक फिरत असतानाच न्यूट्रल टाकायची सवय लावली की हा त्रास कमी होतो. चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये एकदा सैल पडतेच. अ‍ॅव्हरेज पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत कमी मिळतो. आणि मे महिन्यात परभणीचा पारा ४४ च्या पुढं असताना पायाला इंजिनची धग लागली तर तो बिघाड नव्हे.

आता साहजिक नसलेल्या गोष्टी:

- इंजिनखाली तेलाचा थेंब, किंवा पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर तेलाचा ओला थर. नव्या गाडीतून एक थेंबही गळता कामा नये.
- गिअर आपोआप सुटणं.
- ब्रेक लावल्यावर हँडलमध्ये "कट" असा धक्का. कोनसेट, म्हणजे हँडलची बेअरिंग, सैल असण्याची शक्यता.
- सरळ रस्त्यावर हँडल एका बाजूला ओढणं.
- चालता चालता इंजिन बंद पडणं, मग ते पाच मिनिटांनी पुन्हा चालू होत असलं तरी.
- इंजिन चालू झाल्यावरही पिवळा इंजिनचा दिवा न विझणं. चावी फिरवल्यावर तो लागणं बरोबर आहे, स्टार्ट झाल्यावर गेला पाहिजे.
- एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा दिवा. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. हा दिवा गाडी थोडी पुढं गेली की विझतो. मीटरवर कायम राहिला तर एबीएस काम करत नाही असं समजा.
- निळसर धूर जो पहिल्या आठवड्यानंतरही थांबत नाही.

ब्रेक, हँडल, चाक आणि पेट्रोलची गळती या चार बाबतींत "शोरूमपर्यंत हळूहळू नेऊ" म्हणू नका. गाडीबरोबर रस्त्यावरच्या मदतीची सेवा घेतली असेल तर फोन करा, नाहीतर छोटा हत्ती करून न्या आणि भाड्याची पावती ठेवा.

आपल्या बाजूनंही कारण राहू नये. पहिल्या टप्प्यात मॅन्युअलमध्ये दिलेला वेग पाळा, एकाच वेगावर तासभर ताणू नका, थंड इंजिनला रेस देऊ नका, तिबल सीट आणि मागं कापसाचं बोचकं तर नकोच. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे हे एका अर्थी बरंच झालं. नाहीतर जालन्याचं प्रत्येक नवं पोरगं पहिल्याच रविवारी काटा टेकवून आलं असतं.

३. शोरूमला जायच्या आधी दाराशी बघा

शोरूमला हेलपाटा म्हणजे दिवस जातो. तालुक्यापासून लांब गावी राहत असाल तर मजुरी बुडते. म्हणून आधी हे बघा.

स्टार्टच होत नाही: लाल किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) कुणीतरी बंद केलाय का? पोरं हमखास हात लावतात. क्लच दाबून सेल्फ मारा, काही गाड्या गिअरमध्ये असताना त्याशिवाय चालू होत नाहीत. गाडी आडवी पडली होती का? इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत गाडी कलल्याचं ओळखणारा सेन्सर असतो, तो इंजिन बंद करतो. चावी बंद करून पुन्हा फिरवली की बहुतेक वेळा काम होतं. तरी नाही तर फ्यूज आणि बॅटरीचे टर्मिनल बघा. सैल टर्मिनल हा नव्या गाडीचा अगदी फालतू पण नेहमीचा आजार आहे.

पहिला गिअर टाकला की बंद पडते: साइड स्टँडचा सेन्सर. आपल्याकडं याचं एक खास कारण आहे. पावसाळ्यात शेतातून गाडी आली की काळ्या मातीचा चिखल स्टँडच्या खोबणीत बसतो आणि उन्हात वाळून दगड होतो. स्टँड वर गेल्यासारखा दिसतो, पण पूर्ण जात नाही, आणि स्विचला वाटतं तो खालीच आहे. काडीनं माती काढा, साध्या पाण्यानं धुवा. तोच चिखल बंद चेनकव्हरच्या आतही साठतो आणि चेन घासल्याचा आवाज येतो. धुताना जेटचा फवारा वायरच्या सॉकेटवर, मीटरवर आणि कोनसेटवर मारू नका. धुतल्यानंतर दोन दिवसांनी सुरू झालेलं मिसिंग, म्हणजे इंजिनचं अडखळणं, बऱ्याचदा त्या पाण्याचं असतं.

पेट्रोल भरल्यावर मिसिंग मारते: दोन शक्यता. एक, टाकी अगदी गळ्यापर्यंत भरली. बीएस-६ (प्रदूषणाचे नवे निकष पाळणाऱ्या) गाड्यांत पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा असतो. जास्त भरलेलं पेट्रोल त्यात उतरलं की गरम दिवशी गाडी स्टार्ट व्हायला रडते. (काठोकाठ भरल्यानं उन्हात टाकी फुटते हा दर उन्हाळ्यात फिरणारा निरोप खोटा आहे, काठोकाठ न भरण्याचं खरं कारण हा डबा.) दुसरी शक्यता पाण्याची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला बसतं. जूनच्या पहिल्या पावसानंतर हा त्रास दिसतो. पंपावर घनता तपासून मागण्याचा आणि फिल्टर पेपरची चाचणी करून बघण्याचा ग्राहकाला हक्क आहे. शंका असेल तर तिथल्या तिथं मागा.

वॉरंटीचा काळ संपेपर्यंत शक्यतो एकाच पंपावर पेट्रोल भरा आणि पावत्या ठेवा. "पेट्रोल खराब असंल" ही शोरूमची पहिली सबब असते, तिला उत्तर तयार राहतं.

इतकं बघून झालं की थांबा. ओळखीच्या मिस्त्रीकडून इंजिन उघडू नका, वायरिंग सोडवू नका. मिस्त्री कितीही तयार असला आणि कितीही जवळचा पाहुणा असला तरी. बाहेर इंजिन उघडलं की वॉरंटी नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

४. एक फाईल करा

प्लास्टिकचं साधं फोल्डर पुरतं. त्यात हे ठेवा:

- गाडीचं मूळ बिल. कच्ची पावती नाही, जीएसटीचं बिल
- आरसी आणि विम्याची प्रत
- वॉरंटीचं पुस्तक, सर्व्हिसिंगचं पुस्तक
- गाडी देण्याआधीच्या तपासणीचा तक्ता
- प्रत्येक जॉबकार्ड (गाडी कामाला घेताना शोरूम तक्रार लिहून घेतं तो कागद) आणि सर्व्हिसिंगचं प्रत्येक बिल, शून्य रुपयांचं असलं तरी
- पेट्रोलच्या पावत्या. त्यांची शाई उडते, फोटो काढून ठेवा
- गाडी उचलून नेल्याचं भाडं, एसटीची तिकिटं

आणि एक वही. तारीख, किलोमीटर, इंजिन थंड होतं की गरम, कितवा गिअर, किती वेग, काय झालं. "गाडी नीट चालत नाही" ही तक्रार नव्हे. "दहा-बारा किलोमीटर चालून इंजिन तापल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या आसपास रेस दिली की गिअर सुटून न्यूट्रल होतो" ही तक्रार. फोरमनला यावरून काय उघडायचं ते कळतं आणि "आम्हाला तर काही दिसलं नाही" म्हणायला जागा राहत नाही.

व्हिडिओ काढताना आधी नंबरप्लेट, मग मीटरवरचे किलोमीटर दाखवा, तारीख तोंडानं बोला आणि मग बिघाड दाखवा, सगळं एका सलग चित्रणात. मूळ फाईल फोनमधून पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत दबून लहान होते आणि आवाजाची तक्रार असेल तर नेमका आवाजच खराब होतो.

५. जॉबकार्डवर तुमचे शब्द उतरले पाहिजेत

सगळ्या लेखात मला एवढीच गोष्ट ठासून सांगायची आहे. तोंडी केलेली तक्रार कंपनीच्या दृष्टीनं झालेलीच नसते. चार वेळा जाऊन आलात, चहा पिलात, फोरमनशी मैत्री झाली, तरी संगणकात नोंद नाही म्हणजे गाडीला कधीच काही झालेलं नाही.

काउंटरवर असं होतं:

"काय झालं भाऊ?"
"तिसरा गिअर सुटतोय."
"बघून घेतो. करा सही."

सही करायच्या आधी कार्ड वाचा. त्यावर बहुतेक वेळा "जनरल चेकअप" किंवा "सर्व्हिसिंग" लिहिलेलं असतं. तिथंच थांबा. "दादा, ग्राहकाची तक्रार या रकान्यात मी सांगतो तसं लिहा" म्हणा, आवाज न चढवता. वहीतलं वाक्य वाचून दाखवा. किलोमीटर, तारीख आणि वेळ बरोबर आहे का बघा. प्रत घ्या. ती मिळत नसेल तर कार्डाचा फोटो काढा.

दुसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन गेलात तर शब्द तेच ठेवा. पहिल्यांदा "गिअर सुटतो", दुसऱ्यांदा "गिअरमध्ये आवाज", तिसऱ्यांदा "पिकअप नाही" असं लिहिलं तर कागदावर त्या तीन निराळ्या तक्रारी होतात. एकच दोष वारंवार आला आणि त्यांना तो काढता आला नाही, हेच तर पुढं दाखवायचं असतं.

बिघाड सकाळच्या थंड इंजिनलाच येत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी तिथं ठेवा आणि सकाळी तुमच्यासमोर चालू करायला सांगा. चालताना येत असेल तर फोरमनला मागं बसवून तुम्ही चालवा. शोरूमच्या आवारात एक चक्कर मारून "ओके आहे" म्हणणं मान्य करू नका.

गाडी परत घेताना काय केलं ते लिहून घ्या. काहीच सापडलं नाही म्हणत असतील तर तेही लिहून घ्या, "दोष आढळला नाही" या नोंदीचाही पुढं उपयोग होतो. पार्ट बदलला असेल तर जुना पार्ट बघा, फोटो काढा. वॉरंटीतला जुना पार्ट सहसा कंपनीला परत जातो, घरी मिळणार नाही. "काम समाधानकारक झाले" याखाली सही करण्याआधी गाडी चालवून या. संध्याकाळी शटर खाली ओढता ओढता गाडी ताब्यात देतात तेव्हा नेमकी ही सही घाईत होते. अशा वेळी सहीच्या वर "चाचणी न घेता ताब्यात" एवढं लिहा.

तालुक्याच्या सब-डीलरकडं छापील जॉबकार्ड नसेलच तर त्याच दिवशी शोरूमच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर असा निरोप पाठवा: "आज दिनांक अमुक रोजी गाडी क्रमांक अमुक, अमुक किलोमीटरवर, तिसरा गिअर सुटत असल्याच्या तक्रारीसाठी आपल्याकडे आणली. तपासणी करून परत दिली. तक्रार कायम आहे." उत्तर आलं नाही तरी चालेल, निळ्या खुणांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

६. वॉरंटीच्या अटी, थोडक्यात

वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर हे कंपनीप्रमाणे बदलतं, पुस्तक उघडून बघा. पण काही गोष्टी जवळपास सगळीकडं सारख्या. फ्री सर्व्हिसिंगला किलोमीटर आणि दिवस अशी दोन बंधनं असतात, जे आधी पूर्ण होईल ते धरतात. ज्यांची गाडी पावसाळ्यात दारातच उभी असते त्यांचे दिवस उलटून जातात आणि किलोमीटर भरलेले नसतात. मग सर्व्हिसिंग चुकली म्हणून क्लेम नाकारला जातो. तारीख कॅलेंडरवर लिहा. "फ्री" म्हणजे मजुरी फ्री, ऑइलचे पैसे लागतात.

झिजणारे पार्ट, म्हणजे क्लच प्लेट, ब्रेक शू, केबल, चेन सेट, फिल्टर हे सहसा वॉरंटीत नसतात. बॅटरी आणि टायरची वॉरंटी बहुधा त्या त्या बनवणाऱ्यांची असते, पण तक्रार डीलरमार्फतच द्या. एअर फिल्टर कागदी आणि तेलकट असेल तर हवा मारून साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. आपल्याकडच्या फुफाट्यात तो पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या आधीच भरतो.

७. तालुका, जिल्हा, मग कंपनी

सब-डीलरला वॉरंटी मंजूर करायचा अधिकार बहुधा नसतो. तो तुमची गाडी किंवा तुमचा पार्ट मुख्य डीलरकडं पाठवतो, आणि "कंपनीला कळवलंय, पार्ट यायचाय" या वाक्यावर महिने जातात. एक-दोन फेऱ्यांत काम झालं नाही तर सरळ जिल्ह्याच्या डीलरकडं जा आणि सर्व्हिस मॅनेजरला भेटा. सेल्समनला नाही, त्याचं काम गाडी विकली त्या दिवशी संपलं. पार्ट मागवलाय म्हणतात ना, मग ऑर्डरचा नंबर आणि तारीख मागा.

साधारणपणे वॉरंटी कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते. परभणीत दाद लागत नसेल तर नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला दाखवा. मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर आणि अनुभवी हात असतात. तिथल्या जॉबकार्डवर दोष मान्य झाला की पहिल्या डीलरची भाषाही बदलते.

त्यावरचा माणूस म्हणजे कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर. तो डीलरकडं अधूनमधून येतो. पुढची फेरी कधी ते विचारा आणि त्या दिवशी गाडी, फाईल आणि वही घेऊन हजर राहा. आमच्या गिअरचं काम अशाच एका भेटीत मार्गी लागलं. त्यानं स्वतः गाडी चालवली, वहीतल्या नोंदी चाळल्या आणि इंजिन उघडायची परवानगी तिथंच दिली.

बरोबरीनं कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. चार ओळी पुरतात: चेसिस नंबर, खरेदीची तारीख, तक्रार, जॉबकार्डांच्या तारखा. शेवटी नेमकी मागणी आणि मुदत: "१५ दिवसांत दोष कायमचा दूर करावा." तक्रार क्रमांक मिळेल तो फाईलवरच लिहून ठेवा. वाळूजला दुचाकीचा मोठा कारखाना आहे म्हणून गेटवर जाऊन काही होत नाही. कारखाना शेजारच्या गल्लीत असला तरी वाट डीलरमधूनच जाते.

आरटीओत जायचा सल्लाही लोक देतात. तुमच्या एकट्या गाडीची दुरुस्ती हा त्यांचा विषय नाही. मात्र एखाद्या मॉडेलमध्ये सरसकट सुरक्षिततेचा दोष असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ खाली केंद्र सरकार गाड्या परत बोलावायला लावू शकतं, आणि कंपन्या स्वतःहूनही बोलावतात. अशी दुरुस्ती फुकट असते. कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून किंवा डीलरकडून बघून घ्या.

आणि काहीही झालं तरी गाडीचा हप्ता थांबवू नका. फायनान्सवाल्याशी तुमचा करार वेगळा आहे, त्याला गिअरशी देणंघेणं नसतं. दोष राहील बाजूला, गाडी ओढून नेतील.

८. ग्राहक हेल्पलाइन १९१५

ईमेलची मुदत उलटली की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. मराठीत बोलता येतं. ते तुमची तक्रार कंपनीकडं पाठवतात आणि उत्तर मागतात. हे कोर्ट नाही, हुकूम देऊ शकत नाही. पण डीलरकडं अडलेल्या कितीतरी फाईली इथून हलतात, कारण आता प्रश्न कंपनीच्या मुख्य कार्यालयाला विचारला जातो.

९. जिल्हा ग्राहक आयोग

वर काहीच हललं नाही तर हा रस्ता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळं तो पूर्वीपेक्षा सोपा झालाय. गाडी संभाजीनगरला घेतली आणि तुम्ही जालन्यात राहता, तर तक्रार जालन्याच्या आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायची, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही करता येते. डीलर आणि उत्पादक कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केलं तर तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. आधी दोघांना स्पीड पोस्टानं नोटीस पाठवून पोचपावती ठेवलेली बरी.

दूध घालायला किंवा भाजी विकायला गाडी घेतली म्हणून "हा व्यावसायिक वापर आहे, तुम्ही ग्राहकच नाही" असा आक्षेप येऊ शकतो. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे, ते तक्रारीत स्पष्ट लिहा.

मागणी लिहिताना पायऱ्या ठेवा: दोष फुकट दूर करावा, ते शक्य नसल्यास गाडी बदलून द्यावी, तेही नसल्यास किंमत परत करावी, शिवाय जाण्यायेण्याचा खर्च आणि त्रासाची भरपाई. गाडी बदलून मिळणं सोपं नाही हे आधीच माहीत असू द्या. दोष मुळात उत्पादनातलाच आहे हे दाखवावं लागतं आणि त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागू शकतो. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा तंत्रनिकेतनातल्या जाणकाराकडून तपासणी व्हावी असा अर्ज आयोगातच करता येतो. सारख्याच शब्दांतली चार-पाच जॉबकार्डं तिथं फार बोलतात.

कायद्यात निकालाची मुदत तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने. प्रत्यक्षात तारखा लांबतात. निकालाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील होतं, पण पैसे द्यायचा आदेश झालेल्याला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. आदेश पाळलाच नाही तर अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं.

मधेच कंपनी तडजोडीला आली, तसं बऱ्याचदा होतं, तर सगळं लेखी घ्या: कोणता पार्ट बदलणार, किती दिवसांत, त्या कामावर नवी वॉरंटी किती. अख्खं इंजिन बदलून देणार असतील तर इंजिन नंबरही बदलेल. डीलरकडून त्याचं पत्र आणि नव्या इंजिनचं बिल घ्या, आरटीओत अर्ज करून आरसीवर नवा नंबर चढवा आणि विमा कंपनीकडूनही तशी दुरुस्ती करून घ्या. हे राहिलं तर पुढं अपघाताच्या क्लेमला किंवा गाडी विकताना अडतं.